शिवणीतला वारा

१२ फेब्रुवारी

विहीणबाईंना सप्रेम नमस्कार.

पत्र बघून दचकू नका. मुलं ठीक आहेत, निदान फोनवर भोपू तसं सांगतो. (तुम्ही माझ्या मुलाला 'जावईबापू' म्हणता तेव्हा मला हसू आवरत नाही. लहानपणी तो असा काही गळा काढायचा, की अख्खी गल्ली त्याला भोपू म्हणायची.) फोन न करता लिहायला बसलो, कारण फोनवर आपण दोघं "बरं आहे ना?" "हो, तुमचं?" याच्या पुढे गेल्याचं मला लग्नापासूनच्या चार वर्षांत आठवत नाही.

काम सांगतो. मी बियाण्यांच्या बागेत झाडांवर चढायची नोकरी करतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. लग्नात तुमच्या भावाने "म्हणजे माळी का?" असं विचारलं आणि मी हो म्हणून मोकळा झालो, कारण खरं सांगायला तासभर लागला असता. बाग पाइनची आहे. पाइनला फूल नसतं, फळही नसतं. शंकू असतात. खालच्या फांद्यांवर नर शंकू, पिवळे, झुपक्याझुपक्याने. वर शेंड्याकडे मादी शंकू, तांबूस, करंगळीच्या पेराएवढे. मधमाशी नाही, फुलपाखरू नाही, सगळा कारभार वाऱ्याचा. आणि वारा काही कुणाचं गोत्र विचारत नाही.

आमच्या डॉक्टरबाईंना (माणसांच्या नव्हे, झाडांच्या) मात्र आई सतरा नंबरचं झाड आणि बाप चाळीस नंबरचंच हवं, कारण या दोघांना खोडावरचा तांबेरा रोग लागत नाही. म्हणून मी सतराव्यावर चढतो, मादी शंकू उमलायच्या आधी त्यांच्यावर पिशवी बांधतो आणि वेळ झाली की पिशवीत चाळिसाचाच पराग सोडतो. कागदी पिशव्या वाऱ्यात फाटतात. तुमच्या हातची शिवण मी सुनेच्या, म्हणजे तुमच्या चिमणीच्या अंगावर पाहिली आहे. साठ पिशव्या शिवून द्याल का? घट्ट विणीचं कापड मी पाठवतो. एका बाजूला पारदर्शक खिडकी हवी, म्हणजे आत डोकावता येईल.

तुमचा व्याही


२४ फेब्रुवारी

व्याहीबुवांना नमस्कार.

सोळा वर्षं शिवणाचं दुकान चालवतेय. तान्ह्या बाळापासून नवरदेवापर्यंत सगळ्यांची मापं घेतली, पण गिऱ्हाईक झाडावर बसलंय असं पहिल्यांदाच झालं. छाती नको, कंबर नको, उंची तेवढी कळवा. आणि खिडकी पुढे हवी की पाठीला?

कापड मिळालं. हाताला गार लागतं, छान आहे. एकेरी शिवण मी गिऱ्हाइकालासुद्धा देत नाही, तुम्हाला कशी देईन? दुहेरी घालते. वारा सोडाच, वाऱ्याची शंकासुद्धा आत शिरायची नाही.

दुकानात दुपारी कुणी नसतं. हे गेल्यापासून घरीही दुपारी कुणी नसतं. काल पहिल्या दहा पिशव्या झाल्या तेव्हा ओळीने टेबलावर मांडून ठेवल्या आणि बघत बसले. कशासाठी आहेत ते आठवून उगाच आनंद झाला.

तुमची विहीण


६ मे

विहीणबाईंना सप्रेम नमस्कार.

तुमच्या साठही पिशव्या सतराव्याच्या शेंड्यावर आहेत. खालून बघणाऱ्याला वाटेल, कुणी झबली वाळत घातली आहेत.

आठवडाभर बागेत पिवळा धूर भरून राहिलाय. फांदीला नुसता कोपर लागला तरी पराग उठतो. ऑफिसच्या खिडक्या पिवळ्या, माझ्या भुवया पिवळ्या, चहावर साय धरावी तसा थर. परागाच्या एकेका कणाला दोन इवले फुगे असतात, तरंगायला. मी कमरेला दोर बांधून वर बसतो आणि खालून ढगासारखं काहीतरी येतं, माझ्यातून जातं, पुढच्या ओळीकडे निघून जातं. उतरायची आठवण राहत नाही. परवा डॉक्टरबाईंनी खालून हाक मारली, "काका, वर बिऱ्हाड केलंत का?"

आता खरी गंमत. पिशवीच्या खिडकीतून भिंग लावून पाहिलं. शंकूची खवलं किंचित उघडलेली. प्रत्येक खवल्याच्या बुडाशी दोन बीजांडं, आणि बीजांडाच्या तोंडाशी एक थेंब. टाचणीच्या टोकाहून लहान. मी सोडलेला पराग त्या थेंबावर टेकतो, थेंब हळूहळू आत ओढला जातो, आणि पराग त्याच्यासोबत आत. मग खवलं फुगून एकमेकांना चिकटतात. दार बंद. एकतीस वर्षं हे बघतोय, तरी दरवेळी मी श्वास धरून ठेवतो.

सहा पिशव्या मी कोऱ्या ठेवल्या आहेत, म्हणजे आत पराग सोडलेलाच नाही. ही आमची परीक्षा. पराग न मिळालेला शंकू ऑगस्टपर्यंत गळून पडतो. ते सहा गळाले की समजायचं, पिशवीत बाहेरचं काही शिरलं नव्हतं, आणि बाकीच्या चौपन्नांचा बाप चाळीस नंबरच.

तुमचा व्याही


१९ मे

व्याहीबुवांना नमस्कार.

तुमच्या पत्राने माझं कामातलं लक्ष उडालंय. काल दुपारी मशीनवर डोकं टेकून डुलकी लागली, तर सगळं दुकान पिवळं. कापडाचे तागे पिवळे, आरशात मी पिवळी, आणि मी कुणाचं तरी माप घेतेय पण टेपवरचे आकडे तरंगत वर चाललेत. जागी झाले तेव्हा समोर गिऱ्हाईक उभं. म्हणाली, "हसताय कशाला?"

चिमणी इथे आली आहे, महिनाभर राहील. हवापालट. जावईबापूंना कामातून सुट्टी नाही. तिला तुमचं पत्र वाचून दाखवलं. ती थेंबाशी आली आणि म्हणाली, "आई, एवढं परत वाच." वाचलं. मग ती गॅलरीत जाऊन उभी राहिली.

बी कधी मिळणार? या दिवाणखान्यात सगळ्यांना उत्सुकता आहे, म्हणजे मला.

तुमची विहीण


२ जुलै

विहीणबाईंना सप्रेम नमस्कार.

बी पुढच्या वर्षी, ऑक्टोबरात. रागावू नका, मी काही उशीर करत नाही, झाडाची रीतच तशी आहे.

पराग आत पोचला म्हणजे काम झालं, असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. पोचल्यावर तो एक बारीक नळी वाढवायला घेतो. थोडी वाढवतो आणि थांबतो. पानगळ जाते, थंडी जाते, तो आपला थांबलेला. कारण आतलं बीजांड अजून तयारच झालेलं नसतं. पाहुणा वर्षभर आधी येऊन बाहेरच्या खोलीत बसलाय आणि त्याला कुणी पाणीसुद्धा विचारलेलं नाही, अशी अवस्था. पुढच्या जूनमध्ये आतली तयारी होते, नळी पुन्हा वाढायला लागते आणि तेव्हा कुठे दोघांची गाठ पडते. बी धरतं ते त्यानंतर. तरुण होतो तेव्हा मला हा नुसता वेळखाऊपणा वाटायचा. आता मी वर बसून त्या थांबलेल्यांचा विचार करतो, आणि माझंही मन कसं अगदी निवांत होतं.

पिशव्या काढल्या. प्रत्येक फांदीला नंबराची पट्टी आहे. छोटे शंकू आता हळूहळू माना खाली घालायला लागलेत. कोऱ्या सहांचं ऑगस्टात कळवतो.

चिमणीला सांगा, सासऱ्याने विचारलंय, महिना केवढ्या दिवसांचा असतो?

तुमचा व्याही


१० जानेवारी

विहीणबाईंना नमस्कार.

बऱ्याच दिवसांत लिहिणं झालं नाही. यंदा पिशव्यांची गरज नाही. बागेने दुसरी व्यवस्था केली आहे. गेल्या वर्षी आपल्याला फार त्रास दिला. प्रकृतीला जपावे.

कळावे.


१९ जानेवारी

नमस्कार.

आपलं पत्र मिळालं. सहा महिन्यांनी, आणि तेही एवढंसं. कळायचं ते कळलं.

बातमी कधीतरी आपल्यापर्यंत पोचणारच होती. हो, चिमणी परत गेलेली नाही. मे महिन्यापासून ती इथेच आहे. हवापालट वगैरे काही नव्हतं. दोघं वेगळं व्हायचं म्हणताहेत. मी लिहिलं नाही, ही माझी चूक. आधी वाटलं, मिटेल. मग मनात दुसरंच आलं, की तुम्हाला कळलं की पत्रं थांबतील. तसंच झालं.

तुमच्या मुलाची बाजू तुम्ही घेणार, ते मी समजू शकते. पण पिशव्यांचं निमित्त करायला नको होतं. त्या मी मनापासून शिवल्या होत्या.


२७ जानेवारी

विहीणबाई,

तुमचं पत्र शिडीच्या पायरीवर बसून तीनदा वाचलं. आई शपथ, मला यातलं अक्षरही ठाऊक नव्हतं. जुलैत भोपू म्हणाला, ती परत आली, आणि तेव्हापासून दर रविवारी फोनवर सांगतो, "ती झोपलीय", "ती आंघोळीला गेलीय". सहा महिने माझी सून झोपते आहे किंवा आंघोळ करते आहे आणि मला शंका आली नाही! झाडावरून सगळं दिसतं असं म्हणणारा मी, घरातलं हे एवढं दिसलं नाही.

आता माझा गुन्हा ऐका. तो याहून वेगळा आहे.

ऑगस्टात कोऱ्या पिशव्यांतले सहाच्या सहा शंकू गळायला हवे होते. एक गळाला. पाच टिकले. टिकले आणि चांगले फुगले. म्हणजे त्यांना पराग मिळाला, आणि तो मी दिलेला नव्हता. मी पिशव्या उलट्या केल्या, सुलट्या केल्या. कापडात दोष नाही. खिडकी नीट चिकटलेली. शेवटी एक पिशवी उन्हासमोर ताणून धरली, आणि शिवणीच्या कडेने उजेडाचे ठिपके दिसले. एकामागून एक, सगळ्या शिवणीभर. सुईची भोकं. माणसाला ती दिसत नाहीत. परागाच्या कणाला तेवढी जागा म्हणजे मुंगीला घराचा दरवाजा. आणि शिवण दुहेरी होती, म्हणून ठिपक्यांच्या ओळीही दोन.

म्हणजे तुम्ही जेवढं जीव लावून शिवलंत, तेवढे दरवाजे वाढले. हे तुम्हाला कोणत्या तोंडाने सांगू? चूक माझी आहे. तुम्हाला शिवणं माहीत, पराग मला माहीत होता. कापड देतानाच मला सुचायला हवं होतं. डॉक्टरबाईंसमोर मी चूक कबूल केली. तुमच्यासमोर धीर झाला नाही, म्हणून ते कोरडं पत्र.

नातं तोडायला नव्हे हो. तुम्ही दुखावू नये म्हणून.

तुमचा व्याही


५ फेब्रुवारी

व्याहीबुवांना नमस्कार.

आधी रडले, मग हसले, मग कामाला लागले.

तुमच्या पत्रावर विश्वास बसेना, म्हणून उरलेल्या कापडाची एक पिशवी शिवली, आत मापाच्या खडूची बारीक पूड भरली आणि काळ्या कापडावर धरून झटकली. खाली पांढऱ्या ठिपक्यांच्या दोन सरळ रेघा! सोळा वर्षं मी समजत होते की मी कापड जोडते. जोडता जोडता भोकं पाडत होते, ते कुणी सांगितलंच नव्हतं. चिमणी शेजारी उभी होती. कित्येक महिन्यांनी ती पोट धरून हसली. त्याबद्दल तुमच्या वाऱ्याचे आभार.

शिवणीवर आतून चिकटपट्टी ठेवून इस्त्री फिरवली, परत पूड भरली, परत झटकलं. काळं कापड काळंच राहिलं. बागेने काहीही व्यवस्था केली असो, साठ पिशव्या पार्सलने पाठवते आहे. मला दुसरी संधी हवी.

मुलांचं म्हणाल, तर भांडण नाही, आरडाओरडा नाही. नोव्हेंबरात जावईबापू इथे आले होते. मी दोघांना समोर बसवलं. दोघंही खाली मान घालून म्हणाली, जमत नाही. मी कारण विचारत राहिले, त्यांना सांगता येईना. तुम्ही एकदा बोलून बघा.

चिमणीची मला तेवढी काळजी नाही, ती सावरते आहे. मला माझी काळजी वाटते. स्वार्थी म्हणा हवं तर. तुमचं पत्र आलं की दोन दिवस मला दुकानात कंटाळा येत नाही. यांचे कागद झाले, की तुम्ही माझे आणि मी तुमची कोण?

तुमची विहीण (अजून तरी)


१४ जून

सप्रेम नमस्कार.

वर 'विहीणबाईंना' लिहिलं होतं, ते खोडून हा दुसरा कागद घेतला. गेल्या आठवड्यात त्यांचे कागद झाले. तुम्हाला माझ्याआधीच कळलं असेल.

मी बोललो. भोपू दोन दिवस इथे येऊन राहिला. बागेत फिरताना म्हणाला, "बाबा, ती चांगली आहे, मीही वाईट नाही. पण एका घरात आलो की आम्ही दोघंही बोलायचं थांबतो." मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. तो रडला, पण आता भोपूसारखा नाही, आवाज न करता. ते मला जास्त लागलं.

वहीत डॉक्टरबाईंनी गेल्या वर्षीच्या चौपन्न फांद्यांपुढे 'बाप' या रकान्यातलं चाळीस खोडलं आणि 'अनिश्चित' लिहिलं. मला वाटलं, शंकू तोडायला सांगतील. त्या म्हणाल्या, "पिकू देत की. प्रयोगाला नाहीत, पण झाडं तर होतील. साध्या लागवडीला देऊ." यंदा तुमच्या इस्त्रीच्या पिशव्या लावल्या आहेत. कोरे सहा आत्ताच पिवळे पडायला लागलेत, म्हणजे गळणार. तुम्ही जिंकलात.

आणि गेल्या वर्षीच्या शंकूंमध्ये, या दिवसांतच, ती गाठ पडते आहे. बाहेरून काही दिसत नाही. हिरवे, घट्ट मिटलेले. मी शेजारच्या फांदीवर पाय टाकून बसतो. माझ्या हाताएवढ्या अंतरावर, वर्षभर थांबलेलं काहीतरी पुढे निघालंय. वारा आला की झाडासोबत मीही डोलतो आणि मला कळत नाही, मी जागा आहे की नाही.

तुम्ही फेब्रुवारीत विचारलंत, त्याचं उत्तर मी टाळलं होतं. आता लिहितो. कागदावर आपण एकमेकांचे कुणी राहिलो नाही. पण तुमचं पत्र यावं असं मला वाटतं. फार वाटतं. या वयात असं लिहायला लाज वाटतेय, तरी लिहिलं.


९ ऑक्टोबर

सप्रेम नमस्कार.

जूनच्या पत्राचं उत्तर आलं नाही. मी आगाऊपणा केला असेन तर माफ करा. हे पत्र कामाचं आहे.

शंकू उतरवले. तपकिरी झालेत, मुठीएवढे. सध्या वाळवणीच्या खोलीत जाळीच्या ट्रेमध्ये पसरून ठेवले आहेत. खोली उबदार असते, राळेचा वास भरलेला. दुपारपासून त्यांची खवलं एकेक करून सुटायला लागतात आणि खोलीभर कटकट असा बारीक आवाज होत राहतो, कधी या कोपऱ्यातून, कधी त्या. प्रत्येक खवल्यातून दोन बिया, प्रत्येकीला एक पंख. हातावर घेऊन फुंकर मारली तर भिरभिरत खाली येतात.

तुमच्या त्या पहिल्या पिशव्यांतल्या शंकूंचे ट्रे मी वेगळे ठेवलेत. डॉक्टरबाई म्हणाल्या, निवडायला एक सवयीचा हात हवा, पंख मोडू न देता बी सोडवणारा. मी म्हटलं, असा एक हात मला माहीत आहे, पण तो येईल की नाही ते सांगता येत नाही.

आठ-दहा दिवस शंकू उघडत राहतील. मग काम संपलं. बागेत पाहुण्यांची खोली आहे, साधी आहे, पण ऊन येतं. यायचं नसेल तर तसं एका ओळीत कळवा. मी काही मनाला लावून घेणार नाही. (घेईन. पण तुम्हाला कळू देणार नाही.)


१३ ऑक्टोबर

नमस्कार.

जूनपासून चार पत्रं लिहिली आणि चारही फाडली. वर काय लिहायचं, तिथेच गाडी अडायची. 'व्याहीबुवा' आता लिहिता येत नाही, आणि 'भाऊ' लिहावंसं वाटेना. मग वाटलं, लिहूच नये, लोक काय म्हणतील. लोक म्हणजे कोण, याचाही विचार केला. शेजारची आणि माझा भाऊ. दोघांपैकी कुणीही दुपारी माझ्याशी बोलायला येत नाही.

तुमचं उत्तर मी चार महिने अडकवून ठेवलं. मला क्षमा करा. मलाही तुमची पत्रं हवी आहेत, हे मी जूनमध्येच लिहायला हवं होतं.

शनिवारी सकाळच्या गाडीने निघते, दुपारी पोचेन. स्टेशनवर या. दुकानावर पाटी लावली आहे, दहा दिवस बंद. माझ्या पिशव्यांतून जे काही आत शिरलं, त्याचं काय झालं ते मला स्वतःच्या हातात घेऊन बघायचं आहे.

काल बॅग भरायला घेतली तेव्हा चिमणी दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "आई, तू तिथे कशाला जातेस? ते आता आपले कोण लागतात?"

मी म्हटलं, "तुझे कुणी नाहीत. माझे आहेत."

ती मग आत गेली, माझी लोकरीची शाल घेऊन आली, आणि तिने ती बॅगेत सगळ्यात वर ठेवली.